रॉब रॉय वे चालताना बलव्हिडर टाळू नये

स्कॉटलंडमधील ‘रॉब रॉय वे’ या लांब पायवाटेला गुरे पळवणाऱ्या रॉब रॉयचे नाव देणे म्हणजे लुटीचे उदात्तीकरण आहे, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. रॉब रॉय मॅकग्रेगरने गुरे पळवली आणि ती राखण्याच्या नावाखाली खंडणीही घेतली, हे खरेच. परंतु तो गुरांचा व्यापारीही होता, आणि ड्यूक ऑफ माँट्रोजचे पैसे बुडाल्यावरच तो फरारी ठरला. शिवाय मॅकग्रेगर या त्याच्या कुळाच्या नावावर १६०३ मध्ये आलेली बंदी, मधला काही काळ सोडता, १७७४ पर्यंत टिकली, हे असे मत मांडणारे नोंदवत नाहीत.

ड्रिमन ते पिटलॉक्री या सुमारे १२७ किलोमीटरच्या वाटेवर त्याची कबर लागत नाही. त्यासाठी किंग्जहाउसपाशी वाट सोडून तीनेक किलोमीटर आत, बलव्हिडर गावच्या चर्चपर्यंत जावे लागते, आणि घाईत असलेले बरेच जण नेमका हाच वळसा टाळतात. तेथे पत्नी व दोन मुलांसह तो पुरला आहे. त्याच्यावरची शिळा त्याच्याहून कितीतरी जुनी असून तिच्यावर तलवार कोरलेली आहे, तर अलीकडच्या फलकावर ‘त्यांना न जुमानता मॅकग्रेगर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. नावाच्या योग्यायोग्यतेचा निर्णय ते वाचल्यावर करावा, असे मला मनापासून वाटते.