क्लबहाऊस मतदान केंद्राला द्यायचं का?

(गोव्यात पर्वरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

सेक्रेटरी: मंडळी, नमस्कार. बीएलओ मॅडम, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या, गेटवर भेटल्या होत्या. शाळेतल्या आपल्या केंद्रावर मतदार फार झालेत म्हणून जवळपास दुसरी जागा बघताहेत. पूर्वी एका केंद्रावर १५०० चालायचे, आता १२०० च्या वर ठेवत नाहीत. मोठ्या सोसायट्यांतही केंद्र देतात म्हणाल्या. आपलं क्लबहाऊस द्यायचं का? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

शमा, बी-३०४: द्याच! लिफ्टने खाली, मत टाकून परत वर. हायवे ओलांडायची कटकट नाही.

ए-१०१: आणि हजार माणसं गेटमधून आत येतील त्याचं काय? वॉचमन एकच, तोही जेवून आडवा होतो.

शमा: काका, मत द्यायला येतील ती, लग्नाला नाही.

ए-१०१: लग्नाला आली असती तर आहेर तरी आला असता.

काकी, सी-२०३: मी तर हो म्हणते. शाळेच्या त्या पायऱ्या आठवल्या की अजून गुडघा ठणकतो. ऑगस्ट २०२२, पंचायतीचं मतदान. पाऊस नुसता ओतत होता, पागोळ्या थेट पायऱ्यांवर, त्यावर हिरवंगार शेवाळ. पाच पायऱ्या आणि धरायला काही नाही. तिसरीवरून पाय गेला. मागच्या पोराने छत्री टाकून मला धरलं. चप्पल गेली ती गटारात. मत मात्र देऊन आले, एका पायात चप्पल.

डी-४०१: बापरे काकी 😳 निवडणूक आयोगाकडे तक्रार करायला हवी होती.

नाना, बी-२०१: कुठल्या आयोगाकडे? पंचायतीचं मतदान राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाची. शाळा तीच, पायऱ्या त्याच, पण पत्र चुकीच्या टेबलावर गेलं की वर्षभर तिथेच पडून राहतं.

सेक्रेटरी: नाना, तुम्ही ड्युटी केली आहे ना? जागा कशी ठरवतात?

नाना: मास्तरकीत बऱ्याचदा केंद्राध्यक्ष होतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचा. जागा शक्यतो सरकारी किंवा निमसरकारी. खासगी अगदीच नाइलाज असेल तर, आणि मालकाची लेखी संमती घेऊन. खोली तळमजल्यावर, निदान २० चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे फुटांच्या आसपास. आत जायचं दार वेगळं, बाहेर पडायचं वेगळं. रॅम्प, पाणी, संडास, सावली, उजेड. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये. नदी किंवा डोंगर मध्ये येत असेल तर मतदार कमी असले तरी पलीकडे वेगळं केंद्र देतात. आपल्याला नदी नाही, पण हा हायवे काय कमी आहे? उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून मी तर देवाचं नाव घेऊनच पलीकडे जातो.

नाना: आणि आतली मांडणी. मत द्यायचा कप्पा खिडकीशेजारी ठेवायचा नाही, बाहेरून कोणी बघू नये म्हणून. व्हीव्हीपॅटवर, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रावर, थेट ऊन किंवा दिव्याचा झोत नको, आतला सेन्सर बिघडतो. एकदा आम्ही शाळेचा फळा आडवा लावून ऊन अडवलं होतं. फळ्यावर सात एके सात तसंच राहिलेलं.

ए-१०१: मग देवळाचं सभागृह द्या की. मोठं आहे, पंखे आहेत, पार्किंग आहे. आमची फरशी वाचेल.

नाना: देऊळ, चर्च, मशीद काही चालत नाही. त्यांच्या आवारातलं सभागृहही नको. पोलीस स्टेशन नको, दवाखाना नको. एकीकडे माणूस बुजतो, दुसरीकडे आजारी माणसांचे हाल होतात. देवळाच्या सावलीत उभं राहून मत द्यायला काहींना बरंही वाटेल, पण काहींना वाटणार नाही, आणि केंद्र त्यांचंही असतं.

शमा: म्हणजे क्लबहाऊस चालेल ना? तळमजला आहे, दोन दारं आहेत, मागच्या वर्षी काकींसाठी रॅम्पही केला.

डी-४०१: दुकान नंबर ४ विसरलात सगळे.

शमा: त्याचं काय?

डी-४०१: फलक वाचा. पक्षाचं कार्यालय आहे ते.

(अकरा मिनिटं ग्रुप गप्प)

नाना: बरोबर पकडलंत. केंद्रापासून २०० मीटरच्या आत कुठल्याही पक्षाचं कार्यालय चालत नाही. हे तर भिंतीला भिंत लागून आहे.

ए-१०१: तरी मी म्हणत होतो.

शमा: तुम्ही वॉचमनबद्दल म्हणत होतात काका.

सेक्रेटरी: ते दुकान सोसायटीचं आहे, त्या भाड्यातून लिफ्टच्या वार्षिक देखभालीचे पैसे भरतो. कराराची मुदत अजून संपलेली नाही. काढा म्हणता येणार नाही.

नाना: काढा असं कोण म्हणतंय? भाडं घ्या. पण बीएलओ मॅडमना आजच खरं सांगा. त्या जागा वर पाठवतील, आणि नंतर दुसऱ्या पक्षाने फोटो काढला की नाचक्की आपली.

काकी: म्हणजे मला परत शाळेतच जायचं.

नाना: तुमचं वय किती हो काकी?

काकी: ८३. का?

नाना: ८५ झालं असतं तर १२-डी फॉर्म भरून घरी मत देता आलं असतं. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असला तरी.

काकी: दोन वर्षं थांबायला सांगा निवडणुकीला.

सेक्रेटरी: 😄 मग करायचं काय?

नाना: शाळेच्याच मागे लागायचं. जागा ठरवण्याआधी केंद्रांची कच्ची यादी लावतात, हरकती मागवतात. बहुतेक जण ती बघतच नाहीत आणि मतदानाच्या दिवशी चिडतात. आपण आत्ताच पत्र देऊ. जागा बदला असं नको लिहायला, रॅम्प, कठडा आणि पायऱ्यांवर पत्रा मागू. काकींचं घसरणं तारखेसकट लिहायचं. प्रत बीएलओंना, दुसरी मामलेदार कचेरीत, पोच घेऊन. फोटो जोडा.

सेक्रेटरी: मसुदा मी करतो. शमा, जाताना फोटो काढशील?

शमा: निघालेच आहे.

(पाऊण तासाने)

शमा: [फोटो] [फोटो] कठडा नाहीच. शेवाळ सुकून काळं झालंय. आणि काकी, पायऱ्या पाच नाहीत, सहा आहेत. खालची मातीत गेलीय, दिसतच नाही.

काकी: तीच ती.