इन्सुलिनचं झाड आणि सोडलेल्या गोळ्या

वाईकर: सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आलं: 'इन्सुलिनच्या झाडाची रोज दोन पानं चावा, महिन्यात मधुमेहाच्या गोळ्या बंद, वजनही उतरेल.' खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसवेना. त्या पानात इन्सुलिन नसतं हो! आणि इन्सुलिन हे प्रथिन, गिळलं तर पोटात पचून जातं. म्हणून तर टोचून घ्यावं लागतं. माझ्या मामांनी अशीच गोळी सोडली. बूट चावला, पण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला दुखलंच नाही, म्हणून कुणाला दाखवलं नाही. मोजा काढला तेव्हा तो जखमेला चिकटला होता. अंगठा गेला.

कुंडीवाली: मामांचं वाईट वाटलं. पण तुमची ती मधुमेहाची नेहमीची गोळी, मेटफॉर्मिन, ती तरी कुठून आली? गॅलेगा नावाच्या झुडपावरूनच ना? गुळमार नावाच्या वेलीचं पान चावा आणि मग जिभेवर साखर ठेवा, वाळू लागते वाळू. माझं जेवणानंतरचं गोड त्यानेच सुटलं, चार किलो उतरले.

वाईकर: गॅलेगाचं पुढचंही सांगा. त्यातलं मूळ द्रव्य विषारी निघालं. त्याच्या जवळचं, पण सौम्य असं मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत बनलं आणि १९५७ साली फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचे निष्कर्ष छापले. गोळीत ५०० मिलिग्रॅम म्हणजे ५००. तुमच्या दोन पानांत किती?

रांगेतला: लोक पाल्याकडे का वळतात ते बोला की! दीड तास रांग, आत तीन मिनिटं. 'भात बंद करा.' आम्ही रत्नागिरीचे, भात बंद म्हणजे जेवणच बंद. शेजारच्या काकू निदान बसवून विचारतात.

नाशिकची लेक: अगदी! आईची गोळी बदलली, का ते सांगितलंच नाही. विचारलं तर खेकसले.

तालुक्याची डॉक्टर: तीन मिनिटं कमी पडतात, मान्य. पण पाला खाताय हे तुम्ही तरी कुठे सांगता? गोळी आणि पाला मिळून साखर घसरली की दरदरून घाम फुटतो, माणूस कोसळतो.

रांगेतला: खेकसणाऱ्याला कोण सांगेल? आणि झाडपाल्याने अपाय होत नाही.

तालुक्याची डॉक्टर: १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन उतरवायला दिलेल्या चिनी वनस्पतींत भलतीच वनस्पती मिसळली गेली. कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. तीही झाडंच होती.

कुंडीवाली: बरं. सासूबाईंना मी पानं देते, पण त्यांची गोळी बंद केलेली नाही, हे लिहायचं राहिलं. पानं मात्र सोडणार नाही. उद्या त्यांची उपाशीपोटीची साखर तपासून इथे टाकते.

वाईकर: तीन महिन्यांची सरासरीही काढा. एका सकाळच्या आकड्यावर मी मानणार नाही.