वावरातली ओल मोजाले न्यूट्रॉन डिटेक्टर, हिलियम-३ परवडत नाई, काय करू?

पऱ्हाटीवाला: राम राम मंडळी. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, घरी पाच एकर काळं वावर. प्रोजेक्टमध्ये कॉस्मिक (अवकाशातून येणाऱ्या) किरणांच्या न्यूट्रॉनवरून ओल मोजायचं डोक्यात घेतलंय, म्हणजे मातीत पाणी जास्त तर त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनले मंदावतो अन् वर वेगवान न्यूट्रॉन कमी येतात. पण न्यूट्रॉन पकडणाऱ्या हिलियम-३ वायूच्या ट्यूबची किंमत ऐकून सर गप झाले. ऑनलाइन मिळते ती किरणोत्सर्ग मोजायची गायगर ट्यूब नाही का चालणार? बाबा म्हणते कायले पायजे मशीन, ढेकूळ दाबून पाह्य.

भौतिकभाऊ: गायगर नाई चालत बावा. न्यूट्रॉनवर चार्जच नाही, ट्यूबले तो दिसतच नाही, तुले गॅमा किरणच मोजून भेटन. न्यूट्रॉन गिळून चार्जवाले तुकडे फेकणारा अणू लागतो, हिलियम-३, बोरॉन-१० नाहीतर लिथियम-६. हिलियम-३ येतो ट्रिशियमपासून (किरणोत्सारी जड हायड्रोजन), अन् ट्रिशियम मुख्यतः अण्वस्त्रांसाठी बनवलेला, म्हणून तो हवा तेवढा भेटत नाही. २००९ च्या आसपास मोठी टंचाई झाली तेव्हापासून लोक बाकी दोघांच्या मागे लागले. बोरॉनची भानगड अशी की ट्यूबच्या आतून थर द्यावा लागतो आणि तो जाड केला तर तुकडे थरातच अडकतात, काही मायक्रॉनच ठेवावा लागतो, मग एका थरात न्यूट्रॉन फार थोडे सापडतात म्हणून थर नाहीतर ट्यूबा वाढवा. मी असतो तर लिथियम-६ अन् झिंक सल्फाइडची शीट घेतली असती, न्यूट्रॉन आला की चमकते, मागे ती चमक टिपणारा फोटोमल्टिप्लायर लावायचा. शीटबी स्वस्त नाई पण गॅमाचा पल्स वेगळा ओळखू येतो. बाहेरून इंचभर एचडीपीई, म्हणजे वेगवान न्यूट्रॉन मंदावून शीटले पकडता येतात, ते तर स्प्रिंकलरच्या पाइपाचंच प्लास्टिक.

अन् छोटा डिटेक्टर असन तर तासाचं रीडिंग पाहू नको. तासाला १००० मोजले तर चूक त्याच्या वर्गमुळाएवढी, ±३२, म्हणजे ३ टक्के. ५० च मोजले तर १४ टक्के, त्यात पावसाचा फरक कुठं दिसणार, दिवसभराची बेरीज घे.

धुऱ्यावरचा: आमच्या कॉलेजच्या फार्मवर जुना प्रोब होता, अमेरिशियम-बेरिलियम सोर्सवाला (स्वतःच न्यूट्रॉन सोडणारा किरणोत्सारी पदार्थ), जमिनीत अॅल्युमिनियमचा पाइप गाडून त्यात सोडायचे. लायसन्स, अंगावर किरणोत्सर्ग मोजायचा बॅज, कुलूप, सगळी कटकट. उन्हाळ्यात काळी माती फाटली की पाइपाच्या बाजूनं भेग, पहिल्या पावसाचं पाणी सरळ तिथून खाली आणि रीडिंग म्हणे वावर भिजलं. (त्याच भेगेत माझी एक चप्पल गेली, ते जाऊ द्या.) तुझ्यात सोर्स नाही हे लय बरं. पण चिकणमातीच्या कणांतच बांधलेलं पाणी असते, पऱ्हाटी वाढली की तिच्यातबी हायड्रोजन, तर मातीचे नमुने १०५ डिग्रीवर सुकवून कॅलिब्रेशन केल्याशिवाय आकडा छापू नको. हवेचा दाबही हिशोबात धर, तो बदलला की न्यूट्रॉनबी बदलतात. अन् हा डिटेक्टर दोनेकशे मीटरपर्यंतचं पाह्यते, म्हणजे तीसेक एकर, तुझं वावर किती?

पऱ्हाटीवाला: पाचच. अन् धुऱ्यापलीकडं काकांनी कालच तुरीले पाणी सोडलं. म्हणजे त्यांची ओलबी माझ्याच आकड्यात येणार. बाबाले सांगितलं तर म्हणे मग शीटचे अर्धे पैसे त्याच्याकडून घे.