पूर्वीचे ब्लॉकबस्टर खरंच सरस होते का?

मध्यंतर : परवा कुणीतरी ठोकून दिलं, "१९९५ नंतर एकही धड ब्लॉकबस्टर आला नाही, नुसते कॉम्प्युटरचे खेळ." वाचून डोकं फिरलं. १९८७चा 'जॉज : द रिव्हेंज' विसरलात? कचरा तेव्हाही निघायचा, आठवणीत चांगलं तेवढंच उरलं. 'द डार्क नाइट' (२००८) आणि 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) कशात कमी पडतात ते सांगा.

शेवटची रांग : ते वाक्य माझं, आणि मागे घेणार नाही. १९७५च्या 'जॉज'चा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो फारसा दाखवलाच नाही. शार्कला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी पिवळी पिंपं आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे दोन सूर, एवढ्यावर भीती उभी केली. आता अडलं की "नंतर कॉम्प्युटरवर करू". अडचणच नसेल तर डोकं कोण चालवणार? 'जुरासिक पार्क' दोन तासांहून मोठा, त्यात डायनासोर जेमतेम १५ मिनिटं. पेल्यातलं पाणी थरथरलं तेव्हा मी दादाचा हात घट्ट धरला होता, तो अजून आठवतो.

सबटायटल : मला एवढंच सांगा, आताच्या सिनेमातले संवाद कुणाला ऐकू येतात का? नोलनच्या 'टेनेट'भर बोट रिमोटवर. कुजबुज आली की वाढव, स्फोट झाला की कमी कर. वडिलांचे कान ठणठणीत आहेत, तरी तेही आता सबटायटल लावल्याशिवाय बसत नाहीत.

मधला स्पीकर : दोष टीव्हीचा आहे. थिएटरसाठी केलेल्या ध्वनिमिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. घरी आवाजाचे ते सगळे चॅनल दोन बारक्या स्पीकरांत कोंबले जातात. साउंडबार घ्या.

सबटायटल : साउंडबार कशाला? 'टेनेट' आधी थिएटरातच पाहिला होता, तिथे कळला नाही म्हणून घरी लावला! दिग्दर्शक नोलनला शूटिंगच्या वेळचाच आवाज आवडतो, आवडू दे. मास्कमागचं वाक्य मला कळायला नको?

मध्यंतर : विषय ब्लॉकबस्टरचा आहे. आवाजासाठी वेगळा धागा काढा.

सबटायटल : हाच विषय आहे! १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये डार्थ व्हेडरचं तोंडसुद्धा दिसत नाही, तरी शब्दन्‌शब्द कळतो. जेम्स अर्ल जोन्सचा आवाज नंतर स्टुडिओत घेतला म्हणून. त्यांना प्रेक्षकाची काळजी होती.

मधला स्पीकर : बरं, 'टेनेट'पुरतं मान्य. पण सगळ्या नव्या सिनेमांना त्याच काठीने झोडपू नका.

शेवटची रांग : म्हणजे मी म्हणत होतो तेच.

मध्यंतर : अजिबात नाही! तुमचा राग कॉम्प्युटरवर होता. 'जुरासिक पार्क'मध्ये तरी काय होतं? धावणारे डायनासोर कॉम्प्युटरचेच होते.

शेवटची रांग : आणि जोडीला स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी बनवलेला पूर्ण आकाराचा यांत्रिक टी-रेक्स, खऱ्या पाण्यात भिजलेला. त्याचं वजन जाणवतं. हां, 'फ्युरी रोड'च्या गाड्या खऱ्या आदळल्यात. तो एक मान्य.

मध्यंतर : मग "एकही नाही" हे खोडा.

शेवटची रांग : एक म्हटलंय. त्यापुढे सरकणार नाही.

सबटायटल : त्यातसुद्धा नायक टॉम हार्डीचं निम्मं बोलणं कळत नाही.