खमकी की फटकळ? सोसायटीच्या वाचनकट्ट्यावरील चर्चा

ए-७०२ (संयोजक): नमस्कार मंडळी. या महिन्याचे पुस्तक ‘मॅजिक बाइट्स’ आहे. लेखकाचे नाव इलोना अँड्र्यूज असे छापलेले असले तरी ते एका दाम्पत्याने मिळून घेतलेले टोपणनाव आहे. कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली आणि तिची पुढे दहा भागांची मालिका झाली, पण आपण केवळ पहिल्या भागाविषयी बोलणार आहोत. ज्यांचे वाचून झालेले नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की कथा अमेरिकेतील अटलांटा शहरात घडते, तेथे जादू भरती-ओहोटीसारखी येते व जाते, आणि केट डॅनियल्स नावाची पैसे घेऊन लढणारी तलवारबाज तरुणी आपल्या पालकाच्या खुनाचा माग काढते. खुनी कोण, हे कृपया कोणी लिहू नये, कारण डी विंगमधील दोन घरे अजून निम्म्यावर आहेत. पार्किंगचा विषय मूळ ग्रुपवर न्यावा.

सी-११०३: पुस्तक मी सुचवले होते, म्हणून सुरुवात मीच करते. मागच्या गुरुवारी आपल्याकडे दिवसभर वीज नव्हती आणि दुपारनंतर जनरेटरनेही मान टाकली, तेव्हा मी हे पुस्तक अकराव्या मजल्यावर बाल्कनीच्या उजेडात वाचत होते. खाली जिन्यात कोणीतरी पाण्याचा जार खांद्यावर घेऊन प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत चढत होते, आणि माझ्या हातातील पानावर जादूची लाट येताच दिवे विझत होते, मोटारी बंद पडत होत्या, बंदुकीतून गोळी सुटत नव्हती. लाट कधी येईल आणि किती वेळ टिकेल, हे त्या शहरात कोणालाही सांगता येत नाही. उंच इमारती तर या लाटांनी कुरतडून केव्हाच पाडल्या आहेत. मला या कादंबरीत सर्वांत आवडले ते हे, की जादू येथे चमत्कार म्हणून येत नाही, तर गैरसोय म्हणून येते, आणि माणसे तिच्याशी जमवून घेत घोडे पाळतात, दोन प्रकारचे दिवे बाळगतात, कामाची वेळ बदलतात. केटच्या हाती तलवार का आहे, याचे उत्तरही त्यातच आहे. तलवार शोभेची नाही. ऐन वेळी बंदूक चालेलच याची खात्री नसलेल्या शहरात ती पदरी असावी लागते.

बी-२०४: शहराविषयी ताईंनी लिहिले आहे ते मला मान्य आहे. माझी तक्रार नायिकेविषयी आहे. मी ३१ वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, त्यामुळे ‘कणखर नायिका’ हे बिरुद दिसले की मी जरा सावध होतो. केट कणखर नाही, ती फटकळ आहे. जो जो बलवान पुरुष समोर येतो त्याला टोमणा मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. रूप पालटणाऱ्या माणसांच्या टोळीचा प्रमुख करन हा सिंहाचे रूप घेतो, क्षणात मान मोडू शकतो, आणि पहिल्याच भेटीत ही बाई त्याला आपण पायरीवरच्या मांजराला चुचकारून बोलावतो तशी हाक मारते. प्रसंग हसवतो, यात वाद नाही. परंतु ज्या माणसाकडे माहिती मागायला आपण गेलो आहोत त्याला डिवचणे यात धैर्य कोणते? पुरुष नायकाने हेच केले असते तर आपण त्याला उर्मट म्हणून मोकळे झालो असतो.

बी-९०१: सर, पुरुष नायकाने हे गेली कित्येक दशके केले आहे आणि आपण त्याला रुबाबदार म्हणत आलो आहोत, एवढी नोंद करतो.

ए-५०१: मी वयाने या कट्ट्यावर बहुधा सर्वांत मोठी आहे आणि माझे इंग्रजी वाचन सावकाश चालते, त्यामुळे मला महिना पुरला नाही, नातवाने रात्री थोडे थोडे वाचून दाखवले. बी-२०४च्या सरांना एक विचारावेसे वाटते. ती आपल्या रक्ताला किती जपते, हे त्यांनी पाहिले का? तिच्या रक्तात तिच्या जन्माचे गुपित आहे, आणि रक्त अंगावेगळे झाले तरी ते गुपित त्यात तसेच राहते, म्हणून जखम झाली की दुखते किती यापेक्षा रक्त कुठे सांडले याची काळजी तिला अधिक. हे वाचताना मला माझी आजी आठवली. सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात केस विंचरून झाल्यावर गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून, त्याची गाठ करून, ती स्वतः विल्हेवाट लावी, कारण ते कोणाच्या हाती लागले तर करणी होते, असा तिचा पक्का समज होता. नखांचेही तसेच. आम्ही मुली हसत असू. ही अटलांटाची मुलगी तेच करते आहे, पण तिच्या बाबतीत तो समज नाही, ते खरेच आहे. आता सांगा, ज्या बाईला जखम झाल्यावर रडायच्या आधी फरशी पुसावी लागते, तिने तोंडाने चार फटकारे मारले तर तुम्ही तेवढेच मोजणार का? बडबड पुढे करून ती बाकीचे झाकते आहे. आमच्याकडे अशा बाईला खमकी म्हणत.

सी-११०३: काकू, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी ते केवळ कथानकातील एक युक्ती म्हणून वाचून पुढे गेले होते.

बी-२०४: काकूंचे निरीक्षण मार्मिक आहे, तरीही ते गुपित लेखकद्वय आपल्याला पहिल्या भागात पुरते सांगत नाही, केवळ सूचित करते. पुढील भाग विकत घ्यायला लावण्याची ती सोय आहे, असा माझा दुष्ट संशय आहे. शिवाय पहिल्या साठ-सत्तर पानांत इतक्या संघटना, हुद्दे आणि प्राणी एकदम अंगावर येतात की मला समासात टिपणे काढावी लागली.

बी-९०१: टिपणे मीही काढली, पण ती रक्तपिपासूंविषयी होती, आणि या कादंबरीचा काळोख मला तेथे सर्वांत गडद वाटला. इतर कथांतील देखणे, झगेवाले, रात्री खिडकीशी उभे राहणारे सरदार येथे नाहीत. येथील रक्तपिपासूला मनच उरलेले नाही. केस गळालेले, चामडे हाडांना चिकटलेले, चार पायांवर सरपटणारे ते केवळ एक भुकेले शरीर आहे. त्याला दूर बसून चालवणारी, त्याच्या डोळ्यांनी पाहणारी आणि त्याच्याच तोंडून बोलणारी माणसे मात्र पूर्ण शुद्धीवर असतात. त्यांच्यात शिकाऊपासून वरपर्यंत हुद्दे आहेत आणि त्यांचा अड्डा एका मोठ्या जुगारघरात आहे. आपल्या वेताळपंचविशीत वेताळ प्रेतात शिरून राजाशी बोलतो, म्हणजे तेथे प्रेत माणसाचे आणि आवाज भुताचा असतो. येथे प्रेतातून माणसाचा आवाज येतो आणि तो व्यवहाराचे बोलतो. वेताळ निदान कोडे घालून न्यायाचा प्रश्न तरी विचारत होता! मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. गेले दोन आठवडे अंधार असेल तर एकटा जात नाही, हे येथे कबूल करायला हरकत नाही.

ए-७०२ (संयोजक): नारायण धारपांच्या वाचकांना हा काळोख कसा वाटला, हे कोणी सांगेल का? मी स्वतः शाळेत असताना त्यांची पुस्तके पांघरुणात विजेरी लावून वाचली आहेत.

ए-३०२: मी सांगते. धारपांच्या समर्थकथांमध्ये संकट कितीही अमंगळ असले तरी समर्थ येणार आणि सावरणार, हा दिलासा वाचकाच्या मनात कुठेतरी असतो. केटला असा कोणी समर्थ नाही. जो तिचा पालक होता त्याच्याच खुनाने गोष्ट सुरू होते. त्यामुळे भीतीपेक्षा मला पोरकेपण अधिक जाणवले. ती ज्या संस्थेच्या वतीने तपास करते, त्या संस्थेच्या प्रशिक्षणातून ती मध्येच बाहेर पडलेली आहे, म्हणजे तेथेही ती उपरीच.

डी-८०३: मी त्या निम्म्यावरच्या दोन घरांपैकी होतो, काल रात्री दोन वाजता संपवले. मी पेशाने डॉक्टर आहे, म्हणून कादंबरीतील डॉक्टरच्या बाजूने चार शब्द लिहितो. खुनी कोण हे सांगायचे नाही, परंतु खुनी कोण नाही हे सांगणे नियमात बसते, असे मी गृहीत धरतो. तो प्लास्टिक सर्जन सभ्य आहे, तिला जेवायला नेतो, आणि ही बाई त्याच्यावरच भलताच संशय घेऊन त्याला सर्वांसमोर पेचात आणते. संशय साफ चुकतो. मला त्या बिचाऱ्याबद्दल वाईट वाटले, पण बी-२०४च्या सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला याच प्रकरणात मिळाले. संपूर्ण कादंबरी केट ‘मी’ म्हणून सांगते. तिला ही फजिती दोन ओळींत गुंडाळता आली असती, तसे ती करत नाही. आपण कोठे घसरलो, हे ती वाचकाला उभे राहून पाहू देते. टोमणे मारणे सोपे आहे. माझ्या ओपीडीत रोज दहा जण मारतात. आपले निदान चुकले, हे भरल्या खोलीत मान्य करणे किती अवघड असते, ते मला विचारा.

ए-३०२: आणि शेवटपर्यंत तिचे कोणाशीही जमत नाही, याचे मला फार समाधान वाटले. करनशी ठिणग्या उडतात, पण लढाईचे बक्षीस म्हणून प्रेम तिच्या पदरात टाकलेले नाही.

बी-२०४: डॉक्टरसाहेब, ते प्रकरण मी आता पुन्हा काढून वाचले. पहिल्या वाचनात मला ते तपासकथेचा दोष वाटले होते, कारण पुरावा कच्चा असताना ती झेप घेते. तो दोष आहेच, आणि कच्च्या तपासाबद्दल मी गुण कापणारच. परंतु लेखकांनी तिला जिंकवायची घाई केली नाही, हे मी त्या वेळी पाहिले नाही. ‘फटकळ’ हा शब्द मी मागे घेत नाही. त्याच्या शेजारी काकूंचा ‘खमकी’ मांडायला माझी हरकत नाही, मात्र त्या सर्जनच्या प्रकरणापासून पुढे. त्याआधीच्या पानांना तो लागू होत नाही.

ए-५०१: सर, त्याआधी तिने फरशी पुसली होती.

बी-२०४: काकू, दुसरा भाग कोणाकडे असेल तर माझ्या दाराशी ठेवायला सांगा. समासात टिपणे पेन्सिलीनेच काढीन.