सीजीडीचं (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या आजाराचं) उदाहरण बघा
ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने, म्हणजे पेशीत ऑक्सिजनचे रिॲक्टिव्ह रेणू जास्त झाल्याने, इन्फ्लमेशन (सूज) वाढतं म्हणून सगळ्यांनी अँटिऑक्सिडंट घ्यावेत असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, त्यातलं पहिलं अर्धं पटतं, मायटोकॉन्ड्रियातून (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातून) आरओएस, म्हणजे हेच रिॲक्टिव्ह रेणू, जास्त निघाले की एनएलआरपी३ इन्फ्लमासोम हा सूज सुरू करणारा प्रथिनांचा संच चालू होऊ शकतो आणि आयएल-१ बीटा हे सूज वाढवणारं प्रथिन बाहेर पडतं. पण सीजीडी हा जन्मजात आजार बघा ना, त्यात नॅडपीएच ऑक्सिडेज हे आरओएस बनवणारं एन्झाइमच बिघडलेलं असतं, न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना आरओएस नीट बनवताच येत नाहीत, मग सूज कमी असायला हवी की नाही? तर उलटंच, या मुलांना ॲस्परजिलससारखी बुरशी तर गाठतेच, शिवाय कुठलाही जंतू सापडत नसताना आतड्याला सूज येते, ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेतल्या पेशींच्या गाठी होतात.

म्हणजे सूज आवरायलाही हेच आरओएस लागतात. ते पेशीत कुठे आणि किती बनतात हे न बघता सरसकट गोळ्या सुचवू नका, प्लीज.