अनुभव धागा : साताऱ्याचं पाणी, खापरी नळापासून चावीवाल्यापर्यंत

मंडळी, साताऱ्याला पाणी कुठून आलं याची यादी छोटीच आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळात यवतेश्वर-महादऱ्याकडून खापरी (भाजलेल्या मातीच्या) नळांनी, मग १८८०च्या दशकातल्या कास तलावातून, पुढे उरमोडी नदीवरच्या शहापूर उपसा योजनेतून. पण ते तुमच्या घागरीत कसं पडलं, ते लिहा.

मंगळवार पेठेतून
आमच्या वाड्याच्या चौकात दगडी हौद होता. नळ आला तरी आजी देवाचं पाणी हौदातलंच घ्यायची. आता त्यावर फरशी टाकून दोन स्कूटर लावतात.

वडील पाणीपुरवठ्यात होते
कास शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. पाणी उघड्या पाटानं डोंगराच्या कडेकडेनं नुसत्या उतारावर यायचं. ना मोटार, ना विजेचं बिल. राबणूक मात्र भरपूर. पाला, माती, ढासळलेली दरड काढायला फावडी-घमेली घेऊन गडी पाटावर असायचे. मी सुट्टीत वडिलांचा डबा पोचवायचो. खेकडे काठ पोखरायचे आणि पाणी दरीत पळायचं. गळती कशी सापडायची? भर उन्हाळ्यात पाटाच्या खालच्या अंगाला हिरवं गवत दिसलं, की त्याच्या वर भोक असणारच. मग चिकणमाती ठासायची आणि टाचेनं दाबायची. पुढं पाइप आले, त्यांची गळती शोधायला गवतही उपयोगाचं राहिलं नाही!

शहापूरच्या पाण्यावर संसार केलेली
कासचं कौतुक पुरे झालं हो! कबूल, लाईट गेली की उपसा बंद आणि आमच्याकडे ठणठणाट, वरच्या पेठांत मात्र कासचे नळ सुरू. डाळही त्यांचीच लवकर शिजते म्हणे. माहेरी गेले की आई कॅन भरून द्यायची, ते मीही आणायचे. पण मे महिन्यात कास तळ गाठायचं तेव्हा शहर तगलं ते शहापूरवर. आता कास धरणाची उंची वाढून साठा जवळपास पाचपट झालाय, म्हणून ते दिवस विसरायचे का?

चिमणपुऱ्यातून, थोडक्यात
आमच्या बोळात खरा मान नळाचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा. घरात लग्न असलं की पहिलं आमंत्रण गणपतीला आणि दुसरं त्यांना. पत्रिका हातात ठेवून वडील एवढंच म्हणायचे, "त्या दिवशी जरा जास्त वेळ सोडा." ते पत्रिका खिशात घालायचे. हो म्हणायचे नाहीत, पण पाणी यायचं.